डावा अंगठा

मुनीमाने माझं डावं मनगट धरलं आणि अंगठा शाईच्या पॅडवर दाबला. घोळवून दाबला, चारी बाजूंनी. गोंदियात, शेटजीच्या बिडी कारखान्याच्या पेढीवर, भर दुपारी. माल जमा करायची वेळ होती, पंचवीस-तीस कामगार बघत उभे होते.

मी म्हणालो, "मले सही करता येते."

शेटजी लोडाला टेकून बसला होता. त्याने मानही वर केली नाही. "पता है. इसीलिए तो अंगूठा चाहिए."

खोटं कशाला सांगू, मला आधी कळलंच नाही. समोरचा कागद मी वाचला. त्यात होतं, की मी निरक्षर बिडी कामगार. कादंबरी शेटजीच्या पुतण्याने लिहिली. मी त्याला फक्त वस्तीतल्या चार गोष्टी तोंडी सांगितल्या. पुस्तकावर आणि सिनेमावर माझा काही हक्क नाही.

सही करणारा माणूस निरक्षर कसा ठरेल? म्हणून अंगठा, आणि कागदावर पुरुषाचा डावाच चालतो. त्या एका ठशाने माझी चारशे पानं माझी राहणार नव्हती.

सहा वर्षं लिहिली होती. दिवसभर बिडी वळायची आणि उरलेल्या वेळात लिहायचं. छपाई बिघडलेले लेबलांचे ताव कारखान्यामागे फेकलेले असत. त्यांची मागची बाजू कोरी. तिच्यावर माझी आई लिहिली. माल तपासणाऱ्याने तिच्या बिड्या मोडून फेकल्या. तिने "काऊन मोडता?" एवढंच विचारलं. त्याने तेंदूचा पत्ता, म्हणजे बिडीचं पान, कापायच्या लोखंडी फर्म्याने तिची बोटं ठेचली. मी शेजारीच बसलो होतो. काही केलं नाही. तिची दोन बोटं आजही वाकडी आहेत. कादंबरीतही मी भ्यालोच. सगळ्यांची नावं बदलली.

एकुलती एक प्रत नागपूरच्या प्रकाशकाला पाठवली. मूर्खपणा तिथे झाला. प्रत्येक पानामागे शेटजीच्या बिडीचं चित्र आणि कारखान्याचा पत्ता. प्रकाशकाने पानं मुंबईच्या फिल्म कंपनीच्या एजंटला दाखवली. एजंट पत्ता बघून निघाला, तो माझ्या झोपडीत कशाला येईल? थेट शेटजीच्या बंगल्यावर उतरला. सिनेमाला पैसा लावणारा माणूस त्याला आयताच सापडला.

तोच एजंट आता खुर्चीत बसला होता. मांडीवर माझी पानं.

"कच्चा माल चांगला आहे तुमचा," तो मला म्हणाला. "आम्ही थोडा गोडवा घातलाय. नवेगावच्या तलावावर एक गाणं आहे. शेवटी ती बाई त्या तपासनीसाशीच लग्न करते."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बोटं ठेचणारा माझ्या आईचा नवरा होणार होता, आणि लोक तिकीट काढून ते बघणार होते.

"ते पानं माहे हायेत," मी म्हणालो. "वापस द्या."

आता शेटजी हसला. "कागज किसका है? लेबल पे नाम किसका है?" मग मुनीमाला म्हणाला, "लगवा."

मी हात हिसडला. कागदावर नुसता काळा फराटा उमटला. दाराशी उभ्या दरवानाने मानगूट धरून माझं तोंड मुनीमाच्या लाकडी पेटीवर आपटलं. ओठ फाटला. मुनीमाने दुसरा कागद काढला. दरवानाचा गुडघा माझ्या पाठीत. मुनीमाचा हात तोंडाजवळ आला तसा मी चावलो, दात हाडाला लागेपर्यंत. तो गुरासारखा ओरडला. एकही कामगार जागचा हलला नाही. त्यांचा राग मला अजून आहे. चूल काय त्यांच्याच घरी होती?

माझ्या कमरेला पत्ता कापायची कातर होती. ती मी काढली. दरवान मागे झाला. शेटजी गादीवरून भिंतीपर्यंत सरकला. त्याच्या पोटात खुपसावी वाटली. लपवत नाही, फार वाटली. पण मग मला फाशी, आणि कादंबरी त्यांचीच.

मी माझा डावा अंगठा पेटीच्या कडेवर ठेवला आणि त्याच्या पुढचं मांस कापून काढलं. रेषा असतात ते सगळं. आणि ते त्याच्या पांढऱ्या गादीवर टाकलं.

"आता माह्या नावानं कोनाचाबी आंगठा लावा," मी म्हणालो. "मी हा दाखवतो."

एजंट खुर्चीतच ओकला. त्याला तेवढंही सोसलं नाही, आणि आईची गोष्ट विकायला निघाला होता.

घरी आईने वाकड्या बोटांनी चिंधी बांधली. बिडी वळायला दोन्ही अंगठे लागतात. माझा धंदा बुडाला हे तिला माझ्याआधी कळलं. रडली नाही.

"उजवा हाये ना?" तिने विचारलं.

"हाये."

"तं मंग लिव."

पानं अजून त्यांच्याकडेच आहेत. सिनेमा काढतील तर काढोत. मी दुसऱ्या दिवशी पहिल्या पानापासून सुरू केलं, विकत आणलेल्या वहीत. मागच्या बाजूला कोणाचं लेबल नाही. यात तपासनीसाचं खरं नाव आहे. मुनीमाचं आहे. शेटजीचं तर बापाच्या नावासकट आहे. एकही नाव बदललेलं नाही. पहिल्या पानावर माझी सही आहे, आणि यायचं त्याने यावं.