कोमलने विचारलेलं ‘केव्हा’

बुधवारी सकाळी नऊला वैशालीचा फोन आला, तेव्हा मी मुलुंडच्या आमच्या स्वयंपाकघरात पोहे भिजवत होते. "माधुरी, इंग्रजी शिकवायचीस ना तू? साडेदहाला इकडे ये. नाही म्हणू नकोस." ...याला आता अडीच-तीन महिने झाले.

वैशाली माझी शाळेपासूनची मैत्रीण, आमच्या घराजवळच्या मुलींच्या बालगृहाची अधीक्षक. तिथल्या कोमलला, वय वर्षं दहा, इटलीतल्या एका जोडप्याने दत्तक घेतलं होतं. (नावं सगळी बदलली आहेत.) कागदपत्रं, ऑर्डर सगळं झालेलं. त्या दिवशी ते दोघं तिला पहिल्यांदा समोरासमोर भेटणार होते आणि दुभाष्याचं काम करणारी मुलगी नेमकी तापाने आडवी झाली होती.

रिक्षात बसले आणि विचार सुरू झाले. तीस वर्षं इंग्रजी शिकवलं खरं, पण मुलांचे काळ आणि प्रयोग चुकले तर लाल पेन असतं हातात. इथे एक शब्द इकडचा तिकडे झाला तर...

कोमल जिन्यात बसली होती. नवा फ्रॉक, तेल लावून घट्ट वेण्या. पहाटे सहापासून बूट घालून बसलीय, खाण्याला हात लावलेला नाही, असं तिथल्या मावशी म्हणाल्या. मी शेजारी बसले, तर तिने मला आधी नीट पाहून घेतलं.

"काकू, मी बोलेन ते सगळं सांगणार ना तुम्ही?"

"सगळं सांगणार. त्यासाठीच आलेय."

"नाही म्हणजे... व्हिडिओ कॉलवर मी खूप बोलायची ना, तर त्या ताई इंग्रजीत एवढंसंच सांगायच्या. चांगलं चांगलं तेवढंच."

सगळं सांगेन, असं मी पुन्हा म्हटलं. बोलून तर गेले...

ऑफिसात लुचिया आणि पाओलो टेबलापलीकडे बसले होते. लुचियाच्या हातात रुमालाचा बोळा. पाओलो इतका हसत होता, की माझेच गाल दुखायला लागले. त्यांनी आणलेला रंगांचा डबा कोमलने घेतला, थँक्यू म्हणाली आणि न उघडता बाजूला ठेवला.

मग सरळ लुचियाकडे बघून म्हणाली, "मला परत केव्हा आणून सोडणार?"

दोन वर्षांपूर्वी इथल्याच एका कुटुंबाने कोमलला घरी नेलं होतं. नंतर ‘जमत नाही’ म्हणून परत आणून सोडलं. ते फाइलमध्ये होतं, पाहुण्यांनाही ठाऊक होतं. पण कोमलने स्वतः तो विषय कधीच काढला नव्हता.

वैशालीने माझ्याकडे बघून हळूच मान हलवली. नको, असं. मला कळलं... ‘परत सोडणार नाही ना?’ असं विचारतेय, एवढं सांगितलं असतं तरी भागलं असतं. पण पोरीने ‘सोडणार का’ असं विचारलंच नव्हतं. सोडणार हे तिने धरूनच ठेवलं होतं, तिला फक्त दिवस हवा होता.

ती माझ्या तोंडाकडे बघत होती. मी ‘व्हेन’च म्हटलं.

लुचियाचा चेहरा उतरला. दोघं त्यांच्या भाषेत भराभर बोलू लागले, पाओलोचा आवाज चढला. कोमलने माझी ओढणी धरली. "काय म्हणतायत?"

"नाही गं कळत मला. ती त्यांची भाषा आहे."

वाटलं, वाट लावली आपण सगळ्याची. एका शब्दासाठी या पोरीचं घर घालवलं...

मग लुचिया माझ्याकडे वळली. त्या आधीच्या घरी ही किती दिवस होती, विचारा, असं इंग्रजीत म्हणाली.

कोमलला आठवावं लागलं नाही. "बासष्ट."

लुचियाने हातातला रुमाल टेबलावर ठेवला. मग मला नीट कळावं म्हणून एकेक वाक्य सावकाश बोलली. "तिला सांगा, कधीच सोडणार नाही असं मी म्हटलं, तरी तिने ते का खरं मानावं? आधीच्यांनीही तेच सांगितलं असेल. तिने दिवस मोजावेत. त्रेसष्टाव्या दिवशी ती आमच्या घरून तुम्हाला फोन करेल."

मी सांगितलं. सगळं. कोमलने पाओलोला माझा नंबर लिहून घ्यायला लावला, आकडे दोनदा तपासले. आणि मग समोरच्या बशीतलं एक बिस्किट उचललं.

आठवड्याने ते कोमलला घेऊन गेले. मी कॅलेंडरवर खूण केली.

त्रेसष्टावा दिवस गेल्या शुक्रवारी आला. मी दिवसभर फोन घेऊन बसले, भाजीलासुद्धा खाली उतरले नाही. फोन आला नाही... शनिवारी नाही, रविवारी नाही. वैशाली म्हणाली, तिकडून रिपोर्ट चांगले येतायत, उगाच काळजी करू नकोस. पण मनात नको नको ते येत होतं. आपण स्वतःहून करावा फोन? आणि कोणी उचललाच नाही तर?

परवा, सोमवारी दुपारी व्हिडिओ कॉल आला. स्क्रीनवर कोमल. वेण्या गायब, केस कापलेले, ओले.

"सॉरी काकू. पन्नासपर्यंत मोजले होते. मग पोहायला जायला लागले ना... विसरलेच."

मागून लुचियाने काहीतरी विचारलं. कोमलने वळून त्यांच्या भाषेत उत्तर दिलं, जरा वैतागूनच, घरातली मुलं देतात तसं.

"काय गं म्हणतेय?" मी विचारलं.

"काही नाही, केस पूस म्हणतेय."

तीन दिवस जिवाला घोर लावलास, असं म्हणायचं ओठांवर आलं होतं. पण म्हटलं नाही. शिक्षिका म्हणून आयुष्यभर ‘विसरले’ हे उत्तर ऐकून चिडत आले... परवा मात्र ते ऐकून देवाला हात जोडले.