शोक रंगाचा टांगा

निजामाच्या अमलात कडूबा जालन्यात टांगे, दारं आणि दुकानांच्या पाट्या रंगवायचा, आणि एकाच वाक्याने त्याचं डोकं फिरायचं: "जरा फिका मार बाबा." ज्याला फिकंच पाहिजे त्यानं चुना फासावा आणि गप बसावं, रंगाच्या वाटेला जावंच कशाला! कडूबाला राणी, पोपटी, शेंदरी असे रंग एकमेकांना खेटून भांडताना बघायला आवडायचं. लोकांना नाही आवडायचं. एका किराणावाल्यानं त्याची पाटी आठवड्यात उतरवली. भोकरदनच्या एका पाटलाचं दार त्यानं असं जर्द पिवळं केलं की म्हैस आत शिरेना, आणि पाटलानं म्हशीची बाजू घेतली. शेवटी कामं येईनाशी झाली. मग कडूबा मुकाट्यानं तपकिरी दारं रंगवायला लागला आणि घरी येऊन बायकोवर खेकसायला लागला.

अशात लालमियाँ टांगेवाल्यानं आपला टांगा दारात आणून लावला. कडूबा घरी नव्हता. निरोप त्याच्या बायकोनं, साळूबाईनं घेतला. ती खेड्यातली, उर्दू तिला जेमतेम कळायची.

"लालमियाँ आल्ते. टांग्याला शोक रंग द्या म्हणले, आन् जल्दीत औरंगाबादेला गेले."

"शोक? कोण गेलं?"

"मला काय म्हाईत? असं कुनी इचारतं का?"

लालमियाँची आई औरंगाबादेला लेकीकडे बरेच दिवस आजारी होती. म्हातारीच गेली असणार, असं दोघांनी ठरवून टाकलं. साळूबाईनं पदरानं डोळेही पुसले. कडूबानं दातओठ खात चाकांसकट अख्खा टांगा राखाडी केला.

चार दिवसांनी लालमियाँ परतले ते त्याच म्हातारीला हाताला धरून. तिला जिवंत बघून साळूबाई किंचाळली आणि टांगा बघून लालमियाँ किंचाळले.

"ये क्या किया मियाँ! उद्या माझ्या लेकीची, शहाजादीची शादी, दूल्ह्याला टेशनावरून याच्यात आणायचंय! शोख बोल्या था मैं, शोख! भडक! जालन्यात तुमच्याशिवाय कोण देतं असा रंग?"

कडूबानं कपाळावर हात मारला. उभ्या जन्मात पहिल्यांदा कुणी भडक मागितला होता आणि त्यानं राख फासून ठेवली होती. तो साळूबाईवर ओरडला, "कान हैत का भोकं?"

"मी चुकीचं ऐकलं, कबूल," साळूबाई पहिल्यांदाच उलट बोलली, "पर तुम्ही खरं कसं धरलं? एक डाव इचारायला तरी जायाचं!"

कुणी फिका मागितल्याचं आता कडूबालाही नवल वाटत नव्हतं, म्हणून तो गेला नव्हता. त्याला बायकोपेक्षा स्वतःचाच जास्त राग आला.

त्यानं ठेवणीतले डबे उघडले. राणी, पोपटी, शेंदरी, काही म्हणजे काही सोडलं नाही. साळूबाईनं चाकं रंगवली. म्हातारी बाजेवर बसून "और लाल, और लाल" म्हणत राहिली. टांगा झाला तो असा की रस्त्यानं जाणारे थबकून बघायला लागले, आणि कडूबाला कित्येक दिवसांनी पोटभर जेवण गेलं.

रंग वाळायला मात्र वेळ कुठला! "टेकू नका, टेकू नका," असं कडूबा टेशनापासून टांग्यामागे ओरडत आला, पण बँडबाज्यात कुणाला ऐकू जाणार? दूल्हा उतरला तेव्हा त्याची पांढरी शेरवानी मागून शेंदरी आणि पोपटी झाली होती. बदनापूरचे वऱ्हाडी खवळले. पडद्याआडून शहाजादीचं हसू फुटलं. आणि लालमियाँ दोन्ही हातांनी डोकं धरून ओरडले,

"कडूबा, जरा फिका मारते तो क्या जाता था तुमारा?"