समन्सकाका आणि भयमुक्त मतदारसंघ

समन्सकाका दिवाळीचा फराळ घेऊन यायचे, तेव्हा ताट हातात देण्याआधी विचारायचे, "आपणच का श्रीकांत विठ्ठल साळवी?" बारा वर्षं आम्ही एकाच मजल्यावर समोरासमोर राहत होतो. तरी मी "हो, मीच" म्हटल्याशिवाय चकली माझ्या घरात शिरत नसे. पोलिसातली जवळजवळ सगळी नोकरी त्यांनी कोर्टाचे समन्स साक्षीदारांना नेऊन देण्यात घालवली होती. माणसाची ओळख पटल्याशिवाय त्याच्या हाती काही द्यायचं नाही, हे त्यांच्या अंगात मुरलं होतं. काकू सांगायच्या, "मला बघायला आले तेव्हासुद्धा पहिला प्रश्न हाच होता."

ते मूळचे साताऱ्याकडचे, हवालदार म्हणून निवृत्त झाल्यावर खांदेश्वरला आमच्या सोसायटीत आले. चोर पकडणाऱ्यांचे फोटो पेपरात येतात, समन्स नेणाऱ्याचा कुणी छापत नाही. त्याची त्यांना खंत नव्हती, पण मत मात्र ठाम होतं. "साळवीसाहेब, खटला साक्षीदारावर चालतो. अन् साक्षीदार आपल्या पायानं येत न्हाई, त्याला आणाय लागतंय." समन्सवर 'सदर इसम मिळून आला नाही' असा शेरा मारून परतणाऱ्या शिपायांवर त्यांचा भारी राग. "मिळून आला न्हाई म्हंजे काय? हा गेटपतुर गेला, कुत्रं भुंकलं, हा आला माघारी!"

मागच्या विधानसभेला आमच्या भागात गुन्हेगारी एकदम वाढली, म्हणजे भाषणांत वाढली. निमित्त होतं जनाबाईंच्या मुलाचं, नितीनचं. जनाबाई खाडीकाठच्या गावातल्या, आमच्या गेटपाशी मासळी विकायच्या. न्हावा शेवा बंदराच्या रस्त्यावर ट्रेलर उभे करायचा हप्ता मागणाऱ्या टोळीशी नितीनची बाचाबाची झाली आणि त्यांनी त्याला भरदिवसा भोसकून मारलं. चार वर्षं खटला रखडलेला, आरोपी जामिनावर मोकळे. निवडणूक लागली आणि दोन्ही मोठ्या उमेदवारांच्या फलकांवर नितीनचा फोटो झळकला. एकाने वर्षात फाशीचं वचन दिलं, म्हणून दुसऱ्याने सहा महिन्यांत दिलं. फोटो लावू का, असं जनाबाईंना कुणीच विचारलं नव्हतं. त्या म्हणायच्या, "माना फाशी-बिशी कलत नाय. माज्या नितीनची केस बुडू नको दे, बास."

सहा महिनेवाले उमेदवार आमच्या सोसायटीतही आले. भयमुक्त मतदारसंघ, गल्लोगल्ली कॅमेरे, गुंडांना जागा दाखवू, सगळं झालं. मग समन्सकाका उठले. "आपणच का उमेदवार?" मागच्या फलकावर त्याच माणसाचा दहा फुटी चेहरा होता. सगळे हसले, पण काका "हो, मीच" ऐकेपर्यंत थांबले. "मग सांगा, समन्स बजावायला शिपाई कधी देणार? हायत ते सगळे तुमच्या सभेच्या बंदोबस्ताला उभे." उमेदवार हात जोडून म्हणाले, "काकांचा पॉइंट नोट करा रे!" सोबतच्या चौदा-पंधरा जणांपैकी एकाकडेही पेन नव्हतं.

आणि मग त्या भल्या माणसाने कमाल केली. नितीनला भोसकताना पाहणारा एकच साक्षीदार होता, महादू नावाचा ट्रेलर ड्रायव्हर. उमेदवाराने भर सभेत त्याचा 'शूर साक्षीदार' म्हणून सत्कार केला. शाल, श्रीफळ, आणि माइकवरून त्याचं नाव, राहण्याचं ठिकाण, कामाचा यार्ड, सगळं तपशीलवार. आरोपींची माणसं पुढच्याच खुर्च्यांवर बसून टाळ्या वाजवत होती. दुसऱ्या दिवशी महादूचा फोन बंद आणि खोलीला कुलूप. कोर्टाची तारीख आठ दिवसांवर आलेली. शिपाई समन्स घेऊन गेला आणि तोच शेरा मारून परतला. या तारखेला महादू आला नाही तर केस संपल्यात जमा, असं वकिलांनी जनाबाईंना सांगितलं. त्या थेट काकांच्या दाराशी येऊन जिन्यावर बसल्या आणि रडू लागल्या.

काका "बघतो" असंसुद्धा म्हणाले नाहीत. त्यांनी चपला घातल्या. पाच दिवस ते यार्ड, गॅरेज, चहाच्या टपऱ्या पालथ्या घालत होते. त्यांच्याकडे ना समन्स होतं ना अधिकार, नुसती सवय होती. पाचव्या दिवशी माझ्या स्कूटरवर मागे बसून ते रबाळ्याला आले. एका कारखान्यात महादू खोकी भरत होता. काकांनी आधी ओळख पटवली, मग प्यायला पाणी मागितलं. तासभर त्याच्या गावाच्या, आईच्या गोष्टी केल्या. केसचं नाव नाही. शेवटी महादूच म्हणाला, "काका, त्यांनी माइकवर नाव घेतला आपला. लय टेन्शन हाय."

"व्हय, चुकलंच त्यांचं," काका म्हणाले. "गुरुवारी मी न्यायला येतो. माझ्यासंगं जायचं, माझ्यासंगं यायचं."

गुरुवारी महादू कोर्टात उभा राहिला. त्याने आरोपींकडे बोट दाखवून सगळं सांगितलं. त्यानंतर दोन महिने तो काकांच्या साताऱ्याकडच्या घरी राहिला. इकडे भयमुक्तवाले भरघोस मतांनी निवडून आले.

निकालाला आणखी वर्ष लागलं. आरोपींना जन्मठेप झाली, पण ते ऐकायला काका नव्हते. आठच दिवस आधी, सकाळी चहा घेता घेता ते गेले. मला त्यांचा किती आधार वाटायचा, हे मी त्यांना कधी सांगितलं नाही, आणि त्याचं मला फार वाईट वाटतं. निकालानंतर सोसायटीच्या हॉलमध्ये त्यांची शोकसभा ठेवली, तर बाहेर आमदारांचा फलक आधीच लागलेला: 'वचनपूर्ती! नितीनला न्याय!' आमदार वीस मिनिटं बोलले. त्यात काकांचं नाव दोनदा आलं, दोन्ही वेळा चुकीचं.

मग जनाबाई उठल्या. कुणीतरी पुढे केलेला माइक त्यांनी हाताने बाजूला सारला.

"तुमी सगल्यांनी माना शब्द दिला," त्या आमदारांकडे बघून म्हणाल्या. "या मानसानं कदी शब्द नाय दिला. यो निसता उठला न् गेला."