इंजिन पेटण्याआधीची विहीर

आधीच सांगून टाकतो... या पानावर मी आजवर फक्त खोड्या काढायला येत होतो. कुणी हडळ पाहिली म्हणून लिहिलं की खाली माझा ठरलेला प्रश्न — "लाइट गेली होती का?" मी केमिस्ट्रीत एम.एस्सी., त्यात लातूरच्या डाळमिलवाल्याचा मुलगा. आमच्या घरी तराजूवर येईल तेवढंच खरं. अमावास्येला मुद्दाम नवी गाडी घेतलेला माणूस आहे मी, आईनं दोन दिवस अबोला धरला होता. तेव्हा आता माझी फिरकी घ्यायची पाळी तुमची. फक्त लाइटचं विचारू नका, भर दुपार होती.

साल दुष्काळाचं. लातुरात नळ कोरडे, खेड्यापाड्यांत टँकरची वाट बघत घागरींच्या रांगा. आणि तशातच नव्या जिल्ह्याची हवा — आज होतो, उद्या होतो, मुख्यालय कुठे यावरून चहाच्या टपरीवर हमरीतुमरी. घशाला कोरड पडलेली, पण कलेक्टर ऑफिस आमच्याच गावात पाहिजे! त्या हवेत एक खासगी कंपनी आली. कंधारच्या पलीकडे मुरमाड माळावर त्यांना रॉकेटच्या इंजिनांचा टेस्ट स्टँड उभारायचा होता. म्हणजे इंजिन जमिनीशी घट्ट बांधून पेटवायचं. ते उडत नाही, जागेवरच गरजतं आणि धूर ओकतं. त्याचा भोवतालच्या पाण्यावर, मातीवर, माणसांवर काय परिणाम होईल याचा अहवाल करायचं काम आमच्या छोट्या फर्मला मिळालं.

या कामात पहिली पायरी बेसलाइनची. काहीही सुरू होण्याआधी पाणी कसं होतं ते मोजून ठेवायचं. उद्या एखादी विहीर नासली तर या आकड्याशी ताडून बघतात आणि वाढलेला फरक कंपनीच्या माथी मारतात. पण आधीच नासलेली निघाली, तर कंपनी सुटली. एवढं समजलं की पुढचं सगळं समजेल.

पाण्याचे नमुने घ्यायला मी येळवशीचा दिवस निवडला. बाहेरच्यांसाठी सांगतो — आमच्या लातूर-नांदेडकडे मार्गशीर्षातल्या अमावास्येला गावं ओस पडतात आणि शेतं भरतात. कडब्याची कोप उभारायची, तिच्यात लक्ष्मी पुजायची, भज्जी म्हणजे शेंगादाण्यांची मिसळभाजी, तिच्यावर आणि आंबिलीवर ताव मारायचा आणि वाटेवरच्या कुणाला जेवल्याशिवाय सोडायचं नाही. सगळे विहीरमालक शेतातच सापडतात, वर जेवण फुकट. हिशेबी घरातला आहे, सांगितलंच.

माळाला लागूनच्या वाडीत सुभद्रामावशीची विहीर. आजूबाजूच्या विहिरी तळाला गेलेल्या, हिच्यात मात्र कमरेएवढं पाणी, त्यावर सगळी वाडी जगत होती. कोपीत मावशी आणि तिची सून शीतल. शीतलला सातवा महिना. मावशीचा मुलगा लातूरला ऑटो चालवायचा, सणाला येऊन, जेवून पुन्हा धंद्यावर गेला होता.

"या बाबा, बसा. औंदा भज्जीत तुरीच न्हाईत, पर आंबील लई झाली हाय," मावशी म्हणाली. मी दोन तांबे प्यायलो. त्याच विहिरीच्या पाण्याची.

मग बाटल्या घेऊन पायऱ्या उतरलो. पहिली बाटली बुडवली आणि तळपाय झिणझिणले. मग ते हाडांतून वर चढत दातांपर्यंत आलं. पाण्याकडे बघतो तर ते थरथरत होतं — चालू गिरणीवर तांब्या ठेवला की आतलं पाणी थरथरतं ना, तसं. वारा नव्हता. आवाज मोजायचं मीटर माझ्या गळ्यात होतं, त्यावरचा आकडा जराही चढला नव्हता. वर बैलानं रवंथ थांबवलं होतं. थोड्या वेळानं सगळं आपोआप शांत झालं... बाटली मी कशी भरली ते आठवत नाही.

"आलं न्हवं?" मावशी वरून ओरडली. "रोजचंच हाय. तुमचं ते इंजन लावलं की आसंच होतंय."

"मावशी, इंजिन अजून आलंच नाही. तिकडे माळावर नुसत्या चुन्याच्या रेघा मारून ठेवल्यात."

"मंग आमी समदे येडे हाव का?"

शीतल पोटावर हात ठेवून हळूच म्हणाली, "तवा हे बी लाथा मारायचं थांबतंय."

खाणीत सुरुंग लावत असतील, नाहीतर बोअरची गाडी चालू असेल, असं मी मनाशी ठरवून टाकलं. परत जाताना चौकशी केली. खाण कधीची बंद होती आणि बोअर घ्यायला त्या साली कुणाकडे पैसा नव्हता.

लॅबचा रिपोर्ट आला तेव्हा मी आधी हसलो. पाण्यात परक्लोरेट होतं. घन इंधनाच्या रॉकेटमध्ये घालतात तो क्षार, आणि तोही भरपूर. तो माणसाच्या थायरॉइडवर घाला घालतो, पोटातल्या बाळाला तर जास्तच धोका. बाटल्यांची अदलाबदल झाली असणार म्हणून पुन्हा गेलो, नव्या बाटल्या माझ्या हातानं सील केल्या, दुसऱ्या लॅबला पाठवल्या. तेच. फटाके, खत, जे जे सुचलं ते तपासलं. शेजारच्या विहिरी निर्मळ. आणि कंपनीनं इंधनाचा एक डबासुद्धा अजून माळावर आणला नव्हता!

रिपोर्ट घेऊन कंपनीच्या मॅनेजरकडे गेलो. वाटलं, घाबरेल. त्यानं चहा मागवला. "अहो, मग तर फारच छान! बेसलाइनलाच आहे म्हणजे आमचा परिणाम शून्य."

त्या चहाची चव अजून जिभेवर आहे. जे विष यायला अजून इंजिन पेटायचं होतं, ते मीच "आधीपासून होतं" असं सही-शिक्क्यानिशी लिहून देणार होतो. पण न लिहून करू काय?

तडक वाडी गाठली आणि मावशीला सगळं उलगडून सांगितलं.

"लिव्हलं तर काय व्हतंय?"

"विहीर बंद होईल, तुम्हाला टँकर मिळेल. पण उद्या कंपनीनं खरंच पाणी नासवलं तरी तिला कुणी धरू शकणार नाही. माझाच कागद तिच्या कामी येईल."

"आन् न्हाई लिव्हलं तर?"

"तर विहिरीला पाणी आहे म्हणून टँकर नाही. हेच प्यावं लागेल."

शीतल चुलीपुढे बसली होती. मावशी तिच्याकडे बघत राहिली, मग म्हणाली, "लिव्हा बाबा. उद्याचं उद्या बगू. पोर आज हाय पोटात."

मी लिहिलं. विहिरीवर लाल फलक लागला, टँकर सुरू झाला, कंपनीला परवानगीही मिळाली. शीतलला मुलगा झाला. तो रडायचाच नाही, नुसता झोपून असायचा. वाडीला वाटलं, किती गुणाचं पोर! महिने गेले, मान धरेना, तेव्हा लातूरला आणलं. मीच डॉक्टरांकडे घेऊन गेलो. त्याचा थायरॉइड जवळजवळ काम करत नव्हता. गोळ्या सुरू झाल्या, पण उशीर झाला होता. डॉक्टर म्हणाले, कारण ठामपणे सांगता येत नाही, असं एरवीही होतं. मग शीतलला विचारलं, "गरोदर असताना घराजवळ एखादा केमिकलचा कारखाना होता का?"

"न्हाई," शीतल म्हणाली. खरंच नव्हता. बाहेर येऊन मी जिन्यात तोंड लपवून रडलो.

पहिलं इंजिन पेटलं तेव्हा पोर वर्षाच्या पुढे गेलं होतं आणि आधाराशिवाय बसत नव्हतं. आवाज मोजायला मी मावशीच्या विहिरीची जागा मागून घेतली. दुपारच्या उन्हात माळावरून जी गर्जना उठली... कावळे उधळले, बैलानं दावं तोडलं, मी स्वतः कान दाबून खाली बसलो. मीटरचा आकडा चढतच गेला. मग विहिरीत वाकून पाहिलं. पाणी निश्चल होतं. पाण्यावर पडलेलं पिसाचं तूससुद्धा हललं नाही. त्या दिवशी घेतलेल्या नमुन्यात परक्लोरेट औषधालाही सापडलं नाही, त्यानंतरही कधी सापडलेलं नाही.

पोर मावशीच्या कडेवर होतं. एवढ्या गदारोळात ते दचकलं नाही, त्यानं पापणीही हलवली नाही. शांतपणे माळाकडे बघत होतं.

मी घाबरून विचारलं, "मावशी, याला ऐकू येतं ना?"

"येतंय की. सवय हाय त्याला. पोटात हुता तवापासून ऐकून राहिलाय." तिनं त्याची मान खांद्यावर सावरली. "आता तुमीच सांगा बाबा... ह्याचं कुणाच्या नावानं बोंबलायचं?"

भूकंपाच्या जाणकारांना विचारलं, भूजलाच्या जाणकारांना विचारलं. कुणी मलाच वेड्यात काढलं, कुणी विषय बदलला. तुमच्यापैकी कुणाला काही सुचत असेल तर खाली लिहा, चेष्टा केलीत तरी चालेल. मी दर महिन्याला पोराच्या गोळ्या घेऊन वाडीला जातो. मावशी अजून तेच विचारते.