सत्तावीस चिठ्ठ्या, एकच अक्षर

हौशीरामचं अक्षर आधी आणि माणूस नंतर पाहिला की हमखास फसगत व्हायची. अक्षर ओळीत बसलेलं, सुटसुटीत, प्रत्येक काना सरळ आणि 'ल'ची शेपटी तेवढी हौसेनं वळवलेली. ते बघून वाटावं, माणूस मोठा शांत असणार. शांत कसला? नाकाच्या शेंड्यावर राग. चहा गार मिळाला तरी कपाळाला आठ्या, कुणी रांग मोडली तर तिथंच त्याची हजेरी घेणार. बावन्न वर्षांचा झाला तरी डोकं थंड झालं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर ते थंड व्हावं असं आजूबाजूला काही घडतही नव्हतं.

मावळातल्या वराळ्यात सप्ताहाचा फलक रंगवायचा तर हौशीराम, ग्रामपंचायतीच्या फळ्यावर पाण्याची वेळ लिहायची तर हौशीराम. रेशनकार्डाचा अर्ज, शाळेचा दाखला, मीटर बंद पडल्याची तक्रार, सगळं त्याच्याकडं. बी.कॉम. झालेली पोरंसुद्धा कागद घेऊन दारात उभी राहायची. "भाऊ, आमचं अक्षर घाण हाय. तुमी लिवलं की सायेब वाचतो तरी." हौशीराम त्यांच्या शिक्षणाचा उद्धार करायचा आणि लिहून द्यायचा. खराब अक्षरातला अर्ज देणं म्हणजे मळक्या सदऱ्यानं सोयरिकीला जाणं, अशी गावाची पक्की समजूत होती. त्यामुळं गावाचं सगळं गाऱ्हाणं वर्षानुवर्षं एकाच हातानं लिहिलं जात होतं आणि त्यात कुणालाही काही वावगं दिसत नव्हतं.

हीच सवय माणसांनी कंपनीत नेली. गाड्यांचे पत्र्याचे भाग ठोकून काढणारी कंपनी, घरापासून सायकलवर वीस मिनिटं. हौशीराम तिथं बावीस वर्षं प्रेस मशीनवर होता. रोज सकाळी पहिली पाळी सुरू होण्याआधी गेटजवळच्या हिरव्या फळ्यावर खडूनं आकडा लिहायचं कामही त्याच्याकडंच होतं. वर रंगानं कायमचं लिहिलेलं: 'अपघाताविना दिवस'. खाली हौशीरामचा देखणा आकडा, रोज एकानं वाढणारा.

आकडा एकशे अठरावर होता त्या दिवशी कैलासची दोन बोटं गेली. चार नंबरच्या प्रेसवर. त्या मशीनला सेन्सर होता. हात आत गेला की प्रेस जागच्या जागी थांबायला हवी. पण नवा डाय, म्हणजे पत्र्याला आकार देणारा साचा, लावल्यापासून सेन्सर उगाचच मशीन थांबवायचा आणि माल कमी निघायचा, म्हणून चावी फिरवून तो बंद केलेला. चावी सुपरवायझर निलेशच्या खिशात. हौशीरामनं स्वतःच्या हातानं कैलासची बोटं रुमालात गुंडाळली होती. संध्याकाळपर्यंत कागदावर आलं की कैलासला घरी कडबाकुट्टीत लागलं. कैलासनंही मान हलवली, कारण दवाखाना बघू, नोकरीवरही ठेवू, असं त्याला सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी हौशीराम खडू घेऊन फळ्यापुढं थांबला. निलेश त्याचा लांबचा भाचा. तो जवळ येऊन हळूच म्हणाला, "मामा, एकशे एकोनीस लिवा."

आणि हौशीरामनं लिहिलं. एवढा तापट माणूस, पण लिहिलं. ते त्याला रोज डसत राहिलं. रोज सकाळी तो आपल्या सुंदर अक्षरात एक खोटं लिहायचा आणि आत जाऊन सगळ्यांवर खेकसायचा. बायको सरुबाई म्हणायची, "तुमाला झालंय काय?" तो ताट सरकवून उठायचा.

मग कामगारांचं बघणाऱ्या नव्या अधिकारी म्हणून इरावती मॅडम आल्या. लोणावळ्याहून लोकलनं यायच्या, तिशीच्या आतल्या, कामगारांशी नीट बोलणाऱ्या. कंपनीत कुणी खरं बोलत नाही हे त्यांना महिनाभरात उमगलं. त्यांनी कँटीनबाहेर एक कुलूप लावलेली पेटी बसवली आणि सगळ्यांना गोळा करून सांगितलं, "तुमच्या अडचणी लिहून टाका. नाव लिहायचं नाही. कोण लिहितं ते कुणालाही कळणार नाही. माझा शब्द आहे."

मॅडमच्या मनात काही पाप नव्हतं. पण मावळातली माणसं अर्ज कसा लिहितात ते त्यांना माहीत नव्हतं, आणि माणसांनाही डोकं नव्हतं. आठवडाभर जेवणाच्या सुट्टीत हौशीरामपुढं रांग लागली. "भाऊ, येवढं लिवून द्या." पंखा बंद आहे. बूट दीड वर्षात बदललेले नाहीत. झाडलोट करणाऱ्या चंपाला लिहिता येत नव्हतं. ती म्हणाली, "भाऊ, बायांच्या संडासाला कडी न्हाई. येकीनं आत जायचं आन् येकीनं दार धरायचं. लिवा." सव्वीस जणांच्या सव्वीस चिठ्ठ्या त्यानं लिहिल्या. सत्ताविसावी स्वतःची: चार नंबरचा सेन्सर अजून बंद आहे, आता तिथं प्रदीप काम करतो, त्याची बोटं शाबूत आहेत तोवर सेन्सर सुरू करा.

पेटी उघडली, त्याच्या चौथ्या दिवशी त्याला केबिनमध्ये बोलावलं. कंपनीचे साहेब श्रीयश टेबलावर चिठ्ठ्या मांडून बसलेले. इरावती मॅडम कोपऱ्यात उभ्या.

"हौशीराम, फळा रोज तुम्हीच लिहिता ना?" साहेब हसून म्हणाले. "हा 'ल' बघितला आणि मला शंकाच उरली नाही. सत्तावीस चिठ्ठ्या, एकच अक्षर. म्हणजे तक्रार एकाच माणसाची."

"साहेब, अक्षर माजं हाय. म्हननं ज्याचं त्याचं हाय."

"मग नावं सांगा."

मॅडम मध्येच म्हणाल्या, "सर, नाव विचारायचं नाही असं आपलं ठरलं होतं."

"आपण नाव विचारलंच नव्हतं, मॅडम. अक्षरच बोलतंय." साहेबांनी एक टाईप केलेला कागद पुढं सरकवला. पुढच्या आठवड्यात माल घेणाऱ्या मोठ्या कंपनीची माणसं पाहणीला येणार होती. कागदावर लिहिलं होतं की या सर्व सूचना हौशीरामच्या वैयक्तिक मतांवर आधारित आहेत, इतर कामगार समाधानी आहेत. सोमवारच्या मोकळ्या बैठकीत त्यानं सगळ्यांसमोर तेच सांगायचं आणि सही करायची. नाही केली, तर कामगारांना भडकवल्याची नोटीस.

हौशीरामच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण त्यानं कागद घडी करून खिशात टाकला आणि बाहेर आला. त्याला वाटलं होतं, बाहेर सव्वीस जण आपल्या बाजूला उभे असतील. बाहेर होते सगळे. एकेक जण जवळ येऊन कानात एकच सांगत होता, "भाऊ, माजं नाव तेवडं घेऊ नका." नथू, ज्याच्या बुटाचे तळवे गेले होते, तो तर म्हणाला, "मी काय लिवा म्हनलं न्हवतं, तुमीच ईचारलं." हौशीरामनं त्याला अशी शिवी हासडली की कँटीनमधला आचारी बाहेर आला.

त्या संध्याकाळी त्यानं कागद सरुबाईपुढं टाकला. तिनं तो वाचून घेतला आणि म्हणाली, "सही केली तर काय हुईल?"

"नोकरी ऱ्हाईल."

"आन् त्या प्रदीपचं?"

हौशीराम तिच्यावरच ओरडला, "समद्या जगाचं मीच बघू व्हय?" सरुबाईनं भाकरी तव्यावर टाकली. "फळा तुमीच लिवता न्हवं," एवढंच ती म्हणाली.

सोमवारी कँटीनमध्ये बैठक भरली. साहेब म्हणाले, "इथं कुणी साहेब नाही, कुणी कामगार नाही. आपण एक कुटुंब आहोत. मनमोकळं बोला." मग हौशीरामकडं वळून म्हणाले, "हं, हौशीराम."

हौशीराम उठला. कागद हातात होता.

"अक्षर माजं हाय. सत्तावीसच्या सत्तावीस. पन त्यातली सव्वीस गाऱ्हानी माजी न्हाईत. कुनाची ते मी सांगनार न्हाई, म्याडमनी शबूद दिलता, तो मी मोडनार न्हाई. ज्याचं हाय त्यानं उटून सांगावं."

कुणी उठलं नाही. पंखा, बूट, पिण्याचं पाणी, रजा, सगळी मंडळी मूग गिळून बसली. कैलासचा डावा हात खिशात होता, तीन महिने खिशातच असायचा. साहेबांनी मनगटावरच्या घड्याळात पाहिलं.

"लाज वाटती का?" हौशीराम गरजला. तो साहेबांकडं नाही, माणसांकडं बघत होता. "जेवन सोडून तुमचं लिवलं. कुनाचंच न्हाई का ते? बरं. माजी येकच चिठ्ठी हाय, तेवडीच बोलतो. साहेब, चार नंबरचा सेन्सर चालू हाय का बंद?"

"चालू आहे. रिपोर्ट आहे माझ्याकडे."

"मग चला."

काय चाललंय ते कळायच्या आत तो मशीन शॉपकडं निघाला होता. त्याच्यामागं माणसं निघाली आणि माणसांमागं साहेबांनाही निघावं लागलं. चार नंबरपाशी येऊन त्यानं मशीन सुरू केलं आणि प्रदीपला पेडलपाशी उभं केलं.

"आता साहेब, तुमी हितं डायमंदी हात घाला. प्रदीप पेडल मारंल. सेन्सर चालू हाय म्हनता, मग प्रेस जागची हलनार न्हाई. घाला हात."

साहेबांनी निलेशकडं पाहिलं. निलेशनं जमिनीकडं. साहेबांना खरोखरच ठाऊक नसेल, त्यांना खोटा रिपोर्ट मिळाला असेल, असं म्हणायला एरवी जागा होती. पण ठाऊक नसणारा माणूस फुशारकीनं का होईना, हात पुढं करतो. साहेबांनी दोन्ही हात पाठीमागं नेले. सगळ्यांनी ते बघितलं.

"हेच लिवलं होतं साहेब," हौशीराम म्हणाला. "तुमचा हात तो हात, आन् प्रदीपचा?"

मागून चंपा पुढं आली. ठेकेदारामार्फत कामाला असलेली बाई, उद्या येऊ नको म्हटलं तर कुणाला कळणारही नाही अशी. पदर खोचून म्हणाली, "संडासाच्या कडीची चिठ्ठी माजी हाय. मला लिवता येत न्हाई म्हून भाऊनी लिवली. घाला त्या कागदावर माजं नाव." आणि मग कैलासनं खिशातून हात काढला. दोन बोटं नसलेला पंजा त्यानं सगळ्यांपुढं धरला. मग म्हणाला, "आमच्या घरी कडबाकुट्टी न्हाई. कदी नव्हती."

प्रदीपनं पेडलवरचा पाय काढला आणि मशीन बंद केलं. इरावती मॅडमनी वही उघडली. साहेब "लेखी द्या, लेखी द्या," म्हणू लागले, तशा मॅडम पहिल्यांदाच मोठ्यानं बोलल्या, "लेखीच दिलं होतं सर. मी लिहून घेतेय, आता नावासकट. नावं कैलास आणि चंपाबाई, त्यांनी स्वतः सांगितलीत."

हौशीराम तिथं थांबला नाही. सही न केलेला कागद चार नंबरच्या टेबलावर ठेवून तो गेटकडं गेला. फळ्यावर त्याच्याच हातचा दोनशे बारा होता. त्यानं तो बाहीनं पुसला आणि कैलासची बोटं गेली तेव्हापासूनचे खरे दिवस लिहिले, चौऱ्याण्णव. निलेश धावत आला. "मामा, काय करताय हे? नोकरी जाईल तुमची."

"इतके दिस तू सांगितलेलं लिवलं," हौशीराम म्हणाला. "आता घडलेलं लिवतो. पुसायचं तर पूस. तुज्या हातानं पूस."

निलेश उभाच राहिला. त्यानं पुसलं नाही.

सेन्सर गुरुवारी दुरुस्त झाला. कडी बसली. पाहणीला आलेल्या माणसांना फळ्यावर सत्त्याण्णव दिसला आणि त्यांनी जे विचारायचं ते विचारलं. पण हौशीरामलाही नोटीस आली, बैठकीचं वातावरण बिघडवल्याबद्दल. तिचा निकाल अजून लागलेला नाही आणि त्याचा रागही उतरलेला नाही. उलट आता तो अधिकच कावतो.

परवा जेवणाच्या सुट्टीत नथू कोरी चिठ्ठी घेऊन आला. बूट अजून तेच होते. "भाऊ," तो खाली बघत म्हणाला, "बुटाचं तेवडं लिवून देता का?"

"न्हाई."

"आवो, माजं अक्षर लय घाण हाय."

हौशीरामनं खिशातला पेन काढून त्याच्यापुढं आदळला. "आसू दे घाण. तुजंच हाय ते वळकू आलं पायजे. लिव!"