रबराला लावलेलं गंध

सेतुरावच्या उजव्या हाताची दोन बोटं कशामुळे वाकेनाशी झाली, हे सांगायचं मी सतरा वर्षं टाळलं. कोणी विचारलं तर "काच पडली" म्हणायचो आणि विषय बदलायचो. काच पडली हे खरं आहे. ती का पडली, ते मात्र सगळे एकसारखंच सांगतात आणि एकसारखंच चुकीचं सांगतात, कारण खरं काय ते फक्त मला माहीत होतं. पाच आठवड्यांपूर्वी सेतु गेला. सकाळी त्याच्या मुलीचा, जानकीचा, फोन आला. "काका, अप्पा..." एवढंच ती बोलली. तेराव्याला पानं उठल्यावर त्याचा एक भाचा प्रेमानेच म्हणाला, "मामा जन्मात एकदाच चुकले, आणि तेही ज्या गोष्टीवरून दुसऱ्यांना रागवायचे नेमकं तिथेच!" सगळे हसले. मीही हसलो. परतताना माझा मलाच इतका वैताग आला की काही कारण नसताना रिक्षावाल्याशी भांडलो.

मी तंजावूरला काच आणि टाइलचं दुकान चालवायचो. सेतु माझा शाळेपासूनचा मित्र आणि दुकानाचा मुख्य फिटर. दोघांच्याही घरी मराठी, बाहेर तमिळ, आणि भांडताना दोन्ही. गेलेला माणूस फार गोड होता असं लिहायची पद्धत आहे. सेतु गोड नव्हता, डोकं उठवायचा. मोठ्या काचा उचलायला आम्ही सक्शन कप आणले, तेव्हापासून तर विचारूच नका. ताटलीएवढं काळं रबर, वर धरायला दांडा आणि दांड्याच्या टोकाला दाबायचं बटण. रबर काचेवर टेकवून बटण दाबत राहायचं, आतली हवा निघते आणि कप काचेला घट्ट धरतो. बटणावर एक लाल रेघ असते. ती आत गेली की पकड पुरी झाली. पुन्हा दिसू लागली तर कुठून तरी हवा शिरते आहे, लगेच दाबा नाहीतर काच खाली ठेवा. एवढंच शास्त्र, पण सेतुने त्याचं सोवळं करून टाकलं. रबराला कोणी बोट लावायचं नाही. उचलायच्या आधी ते ओल्या फडक्याने पुसायचं, मग कोरड्या फडक्याने, आणि ती फडकीही त्याची वेगळी, घरून धुऊन आणलेली. काच घेऊन चालताना दर चार पावलांनी तो ओरडायचा, "रेघ!" मग प्रत्येकाने आपल्या कपाकडे बघून "इल्लै" म्हणायचं, म्हणजे नाही, दिसत नाही. गिऱ्हाईकं मला विचारायची, "तुमची माणसं मंत्र म्हणतात की काय?"

एकदा ओरत्तनाडूच्या एका डॉक्टरांच्या अंगणात मोठ्या, खरखरीत टाइल बसवायच्या होत्या. कपाने उचलून दुपारपर्यंत बसवून देतो, असं मी बोलून बसलो होतो. सेतुने एका टाइलवरून तळवा फिरवला आणि म्हणाला, "होत नाही."

"काय होत नाही?"

"ही टाइल श्वास घेते. कप धरणार नाही."

"डॉक्टरांसमोर मज तोंडघशी पाडतोस?"

"मी कशाला पाडू? टाइलच पडेल, तुझ्या पायावर."

मग त्याने कप लावला, बटण दाबलं, टाइल वीतभर उचलली आणि मोठ्याने आकडे मोजू लागला. अकराला ती सुटून वाळूवर पडली. "अकरा," तो म्हणाला. "अकरा म्हणेपर्यंत फाटकापासून अंगणात पोचशील? तू तर खुर्चीतून उठतोस तेवढ्यात पंधरा होतात." डॉक्टर पोट धरून हसले. त्या टाइल आम्ही दोन दिवस हातांनी वाहिल्या. तो बरोबर होता. तो नेहमी बरोबर असायचा, आणि बरोबर असताना आजूबाजूला माणसं आहेत याचं त्याला भान नसायचं. मला त्याचा त्रास व्हायचा. किती व्हायचा हे तेव्हा कळलं नाही.

तुमच्याकडची खंडेनवमी ती आमच्याकडची आयुधपूजा. त्या दिवशी हत्यारांना सुट्टी. ती धुऊन मांडायची, गंध-कुंकू लावायचं आणि सगळ्यांना चुरमुरे-डाळं वाटायचं. त्या वर्षी मी चंदनाची वाटी घेऊन कपांपाशी वाकलो, तर सेतु सगळ्यांच्या देखत म्हणाला, "पांडू, दांड्याला लाव. रबराला नको."

"आता पूजाही तूच शिकव मज."

"पूजा कर रे. रबर सोड, म्हणतो."

कोणीतरी फिस्सकन हसलं. दुकान माझं, पूजा माझी, वाटी माझ्या हातात, आणि मी सांगितल्यासारखा दांड्यांना गंध लावत बसलो. आरती झाली, सेतु चुरमुऱ्यांचा पुडा घेऊन घरी गेला. माणसं पांगली. मग मी पुन्हा वाटी उचलली आणि चारही कपांच्या रबरावर, अगदी कडेला, अंगठा भरून गंध लावलं, वर कुंकू. देवाला मी यात ओढत नाही. त्यात भक्ती नव्हती. मी चिडून लावलं.

दुसऱ्या दिवशी विजयादशमी. पापनाशमच्या एका साडीच्या दुकानाच्या दर्शनी भागात मोठी काच बसवायची होती, आणि मालकाला ती राहुकाळ लागायच्या आत हवी होती. सेतु घरून परस्पर बसने येणार होता, मी काच आणि कप टेम्पोतून घेऊन निघालो. गंध रात्रभरात वाळून कडक झालं होतं. खांद्यावरच्या टॉवेलने मी ते खरवडल्यासारखं पुसलं. वरचं निघालं. कडेच्या बारीक खाचेत काय राहिलं ते बघितलं नाही.

सेतु बसमधून उतरला आणि पिशवीतून ती दोन फडकी काढली.

"पुसलेस?"

"पुसले."

"ओल्याने?"

"ओल्याने, कोरड्याने, सगळ्याने! राहुकाळाला दहा मिनिटं आहेत, तुझं सोवळं आज पुरे."

त्याने माझ्याकडे बघितलं, फडक्यांची घडी घातली आणि ती परत पिशवीत ठेवली. जन्मात पहिल्यांदा. माझ्या शब्दावर.

सेतु आणि आणखी तिघांनी काच उचलली. "रेघ!" "इल्लै!" दुकानाला तीन पायऱ्या होत्या. पहिली चढले. सेतु पुन्हा "रेघ" म्हणायला तोंड उघडतो तोच मी दारातून ओरडलो, "मंत्र पुरे, सेतु, पाय उचल!" त्याने मान वर करून माझ्याकडे बघितलं... आणि त्याचा कप सुटला. काचेचा कोपरा पायरीवर आपटला. बाकीचे मागे सरले. सेतुने मात्र पडणारी काच धरायला हात पुढे केला, जे करायचं नाही म्हणून तो सगळ्यांना बजावायचा. मनगट कापलं गेलं, दोन बोटांच्या शिरा तुटल्या. तंजावूरच्या दवाखान्यात, हाताला एवढं मोठं बँडेज, आणि तो मला म्हणतो, "रेघ बघायची राहिली रे." पुसलेस का, हे त्याने पुन्हा विचारलं नाही. संध्याकाळी दुकानात आणलेले कप मी पाहिले. त्याच्या कपाच्या कडेला चंदनाचा नखाएवढा पिवळा थर होता. मी तो नळाखाली धुतला. ओल्या फडक्याने पुसला, मग कोरड्या. तेव्हा बरोबर आठवलं.

त्या हाताने त्याला पुन्हा काच धरता आली नाही. मी त्याला दुकानात गल्ल्यामागे खुर्ची दिली. पांडुरंगराव मित्राला किती जपतात, असं लोक म्हणू लागले, आणि मी ते ऐकून घेऊ लागलो. याहून वाईट म्हणजे दुकानात कोणीही नवा फिटर आला की सेतु त्याला समोर उभा करायचा, ती दोन ताठ बोटं दाखवायचा आणि म्हणायचा, "हे बघ. मी रेघ बघितली नाही. तू बघ." दर वेळी तेच, त्याच शब्दांत. मी कॉफी प्यायच्या निमित्ताने बाहेर जायचो. एकदा मला असह्य झालं आणि मी ओरडलो, "पोदुम! पुरे झालं ते पुराण!" तो शांतपणे म्हणाला, "तुज काय होतं? चूक माझी, बोटं माझी." माणूस शिव्या देता तर बरं झालं असतं. संशय तरी घ्यायचा. पण नाही, ज्या माणसाने चांगल्या रबरावर उगाच संशय घेतला, त्याला माझ्यावर घेता आला नाही.

तेराव्याला भाच्याच्या त्या बोलण्यानंतर जानकी मला पोचवायला दारापर्यंत आली. म्हणाली, "काका, अप्पा कुकरच्या शिट्याही बोटांवर मोजायचे. ते रेघ बघायला विसरले, हे मज कधी पटलंच नाही." तिला सांगायची ती वेळ होती. मी म्हणालो, "होतं असं कधी कधी." जानकीला मराठी समजतं, पण देवनागरी वाचता येत नाही. त्यांच्या घरात आता कोणालाच येत नाही. म्हणजे मी कबुली लिहितो आहे तीही त्यांना वाचता येणार नाही अशा लिपीत. माझी ही हुशारी माझ्या लक्षात आली आहे. हे छापून आलं की कागद घेऊन मी तिच्याकडे जाणार, तिला आणि तिच्या आईला, वहिनींना, समोर बसवून पहिल्या ओळीपासून वाचून दाखवणार. त्यांनी घराबाहेर काढलं तर निघून येईन.

पण त्याला सांगायचं राहिलं ते राहिलंच. शेवटचा भेटलो तेव्हा सांगायचंच असं ठरवून गेलो होतो. टाउन बसमध्ये बसून वाक्य मनात घोळवलं. तो पुढच्या खोलीत खाटेवर पडून होता, छातीच्या दुखण्याने खचलेला, पण तोंड चालू.

"चपला उंबऱ्यात काढल्यास ना? कोणीतरी पडेल. डोळ्यांत थेंब घातलेस?"

"घातले. सेतु, मज एक सांगायचं आहे. पापनाशमचं..."

"आधी ती खिडकी लाव, धूळ येते."

मी खिडकी लावली.

"अशी नव्हे रे. खालची कडी आधी. वरची आधी लावलीस की लाकूड फुगतं."

"लाकूड कशाने फुगेल?"

"सांगतो ते कर ना."

आणि माझा पारा चढला. बसभर जपून आणलेलं सगळं बाजूला राहिलं आणि मी ओरडलो, "तुझ्याशी बोलण्यात अर्थ नाही!" छत्री उचलली. त्याने उशीवर मान वळवली. मग म्हणाला, "पांडू, आताशा दर वेळी तू काही सांगायला येतोस आणि भांडून जातोस. पुढच्या वेळी आधी सांग, मग भांड."

"बघू," मी म्हणालो आणि चपला घातल्या.

परवा वहिनींना भेटायला गेलो तर खाट भिंतीला उभी करून ठेवलेली होती. वहिनी कॉफी करायला आत गेल्या. खोलीत मी एकटाच होतो. तेव्हाही ते तोंडातून बाहेर पडलं नाही. फार मोठं नव्हतं. सेतु, गंध मी लावलं, पुसलं म्हणून खोटं मी बोललो, हाक मारून तुझी नजर रेघेवरून मीच हटवली. तू काही विसरला नव्हतास. मज क्षमा कर.