पांढरकवडा: जुन्या नकाशावरची एक विहीर

हा मजकूर मी चार वेळा लिहिला आणि खोडला. जुने नकाशे कुठे मिळतात, ते घेऊन गाव कसं फिरायचं, असं तुमच्यापैकी बरेच जण मला विचारतात. म्हणून या वेळी काय झालं ते सांगायलाच हवं.

मी नागपूरला बँकेत आहे. सीताबर्डीवर जुन्या पुस्तकांच्या एका दुकानात मला पांढरकवड्याच्या भागाचा सरकारी नकाशा मिळाला. माझ्या जन्माच्याही आधीचा, घड्यांवर विरलेला. एका इंचात एक मैल. विहिरीला निळा ठिपका, वस्तीला लाल चौकोन, गाडीवाटेला तुटक रेघ. मी तो स्कॅन केला, चार कोपऱ्यांवर छापलेले अक्षांश-रेखांश मोबाइलमधल्या ॲपमध्ये भरले. आता आपण उभे असू ती जागा जुन्या नकाशावर दिसणार होती. दोन दिवसांची रजा टाकली आणि निघालो.

गणेशपेठ स्टँडवरून सकाळची एसटी धरा. हिंगणघाटला चहापुरती थांबते, पुढे रस्ता इतका सरळ आहे की झोप लागते. साडेतीन तासांत पांढरकवडा. स्टँडजवळच्या लॉजमध्ये सातशेला खोली मिळाली, पंखा चालू होता आणि चादर स्वच्छ होती. दुपारी भाकरी, वांग्याची भाजी आणि डोळ्यांत पाणी आणणारा ठेचा. पहिला दिवस मजेत गेला. डाक बंगला, बाजाराची जागा, कापसाची जुनी जिनिंग, एकेक करत शोधत राहिलो. नकाशातल्या गाडीवाटेवर आज मोबाइलची दुकानं आहेत, हे पाहताना मला स्वतःचंच कौतुक वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी हैदराबादच्या दिशेने हायवेवर गेलो. ऑटोवाल्याने सोडलं तिथे चहाची टपरी होती आणि तिला लागून पंक्चरचं दुकान. टपरी जमनाबाईंची. सत्तरीच्या, हातात कोपरापर्यंत पांढऱ्या बांगड्या. पंक्चरचं दुकान त्यांच्या मुलाचं, संतोषचं. मी बाकावर नकाशा पसरला तशा त्या जवळ आल्या.

"काय पाहून राह्यले जी?"

मी सांगितलं, हा जुना नकाशा आहे, रस्ता मोठा व्हायच्या आधी इथे काय काय होतं ते यात आहे.

"आमचा तांडा आहे का याच्यात?"

होता. नाव नव्हतं, नुसते सहा लाल चौकोन आणि शेजारी निळा ठिपका. मी बोट ठेवून दाखवलं, ही तुमची विहीर. त्यांनी ठिपक्याला हात लावला नाही. पदराने हात पुसले आणि बाकावर बसल्या.

"माही पहिली पोरगी आहे तेथीसा," त्या म्हणाल्या. "सव्वा महिन्याची होती. तिच्या बापानं पुराले नेली. बायाले जाऊ देत नोहते. घरी येऊन इतकंच म्हणला, विहिरीपासून वीस पावलं मावळतीले. मंग रस्ता मोठा झाला, तांडा तिकडं आत गेला, विहीर बुजली. आता मले काहीच ओळखू येत नाई."

संतोष दुकानातून ऐकत होता. "याडी, राहू दे ना," तो आईला म्हणाला. पण मी उठलो होतो. मला वाटलं, माझ्या या छंदाचा पहिल्यांदाच कुणाला तरी उपयोग होतोय.

जमनाबाई आणि मी चालत गेलो. ॲपमधला बाण ठिपक्यावर आला तेव्हा आम्ही हायवेच्या कडेला, ट्रक उभे करायच्या जागेत होतो. खाली डांबर, त्यावर सांडलेलं ऑइल. जमनाबाई थांबल्या आणि मावळतीकडे, रस्त्यापलीकडच्या तुरीच्या शेताकडे पाहू लागल्या.

"मले वाटे का विहीर त्या अंगाले होती. आमी सकाळी पाणी आणाले जावो तं ऊन पाठीवर राहे."

"नाही आजी," मी म्हणालो. "नकाशात पक्कं आहे. इथेच."

त्या शेताकडे पाहायच्या थांबल्या. मी मावळतीकडे मोजून वीस पावलं चाललो आणि रस्त्याच्या अलीकडेच, ट्रकांच्या त्या जागेत उभा राहिलो. त्या माझ्यामागून आल्या, खाली बसल्या आणि डांबरावर कपाळ टेकवून त्यांच्या बोलीत काहीतरी म्हणत रडल्या. एक ट्रकवाला हॉर्न वाजवत होता. मी त्याला हाताने थांबवलं. परतताना त्यांनी चहाचे पैसे घेतले नाहीत. संध्याकाळच्या एसटीने मी नागपूरला आलो.

आठवड्यानंतर फोटो नकाशावर लावायला बसलो तेव्हा चूक दिसली. डाक बंगला मोबाइलवर त्याच्या खऱ्या जागेपासून दूर पूर्वेला पडला होता. बाजारही. हे मी पांढरकवड्यातच पाहिलं होतं आणि त्या काळच्या मोजणीदाराला हसलो होतो. चूक माझी होती. जुने नकाशे पृथ्वीचा जो आकार धरून काढलेत तो आजच्या मोबाइलचा नाही. कोपऱ्यांवरचे आकडे तसेच भरले की सगळं गाव शे-दीडशे मीटर सरकतं. गावातल्या तीन-चार पक्क्या जागा आधी जुळवून घ्यायच्या असतात. तुम्ही जाल तेव्हा हे पहिल्यांदा करा. मी केलं तेव्हा निळा ठिपका रस्ता ओलांडून तुरीच्या शेतात गेला.

संतोषचा नंबर घेतला होता. दोन दिवस फोन हातात घेऊन परत ठेवून दिला. तिसऱ्या दिवशी लावला.

काय चुकलं ते त्याला सांगितलं. तो म्हणाला, "साहेब, याडी रोज सकाळी जाऊन राह्यली तेथी. फुलं ठेवते. ट्रक मागं घेताना दिसत बी नाई ती डायव्हरले. मी कितीही सांगतलं तरी आयकत नाई. तुमीच सांगा आता."

त्याने फोन आईकडे दिला. मी सांगितलं, जमेल तितकं सोपं करून. तुमचंच बरोबर होतं, विहीर शेताच्या बाजूलाच होती. माझं चुकलं.

"हाव," त्या म्हणाल्या. मग त्यांनीच विचारलं,

"मंग मी इतके दिवस कोनापाशी रडली जी?"

मी म्हणालो, मी येतो, बरोबर जागा दाखवतो. "नोको," त्या म्हणाल्या आणि फोन संतोषकडे गेला.

त्यानंतर मी दोनदा फोन केला. शेतमालक चांगला माणूस आहे, जाऊ देतो म्हणाला, असं संतोषने सांगितलं. तो आईला एकदा बांधापर्यंत घेऊनही गेला होता. त्या आत गेल्या नाहीत. कोण जाणे हेही खरं का, म्हणाल्या. ट्रकांच्या जागेकडे जाणंही त्यांनी बंद केलंय. पोरीचं नाव घेणंही.

पन्नास वर्षं ती त्यांना कुठेतरी होती, विहिरीच्या मावळतीला, वीस पावलांवर. मी जाऊन आलो आणि आता ती त्यांना कुठेच नाही.